पाठीत रॉड आहे आणि जुन्या व्रणातून पाणी येतंय

मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षं लोटली असतील आणि पाठीच्या जुन्या व्रणातून पाणी किंवा पू यायला लागला असेल, तर औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नका. हा लेख इथवर वाचून कोणी पान उलटलं तरी माझी तक्रार नाही. पुढचं सगळं या एका वाक्यामागची कारणं आणि मग करायचं काय, याबद्दल आहे.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात पाठीत स्क्रू आणि सळ्या घेऊन वावरणारी माणसं आता गावोगाव भेटतात. कोणी बोरघाटात मोटारसायकलवरून पडलेला असतो, कोणी जांभळाच्या झाडावरून खाली आलेला. कोणाचा मणका सरकलेला असतो, एखाद्या मुलीची पाठ वयात येताना वाकडी होत गेलेली असते. ऑपरेशन मुंबईत, पनवेलकडे किंवा पुण्यात होतं, आणि माणूस पळसदरीला, केळवलीला, खोपोलीला परत येतो. टाके वाळतात, पट्टा सुटतो, लावणी-कापणीची कामं सुरू होतात. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनशी गाठ तिथेच सुटते. पुढे पाठीवर पुळी आली, तर ती पाहतो गावातला दवाखाना किंवा केमिस्ट. पाठीत धातू आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत होणारा जंतुसंसर्ग सगळ्यांच्या लक्षात येतो. जखम लाल होते, ताप चढतो, टाक्यांतून पू येतो, आणि फाईल अजून हाताशी असल्याने माणूस त्याच रुग्णालयात जातो. उशिराचा संसर्ग तसा नसतो. तो वर्षाने येतो, दोन वर्षांनी येतो, क्वचित त्याहूनही उशिरा. पाठीचा बाक सरळ करण्याच्या ऑपरेशननंतर असं होतं, हे सर्जनना जुनं ठाऊक आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशी ऑपरेशनं झालेल्या सुमारे दीडशे मुलांपैकी दहा जणांना उशिराचा संसर्ग आढळला होता, आणि तोही सरासरी दोन वर्षांनी. तंत्र आणि शस्त्रक्रियागृहं त्यानंतर पुष्कळ सुधारली, तेव्हा हा आकडा आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लावू नये. मुद्दा कालावधीचा आहे. दोन वर्षं काही झालं नाही म्हणून यापुढे काही होणार नाही, असं धरून चालता येत नाही.

इतका वेळ जंतू करतो काय? यातले बरेच जंतू आपल्या कातडीवरचेच रहिवासी असतात. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस हा त्यातला मुख्य. पाठ आणि खांद्याच्या त्वचेतल्या तेलग्रंथींत तो खोलवर राहतो, त्यामुळे ऑपरेशनआधी त्वचा कितीही घासून पुसली तरी थोडे उरतातच. दुसरा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. दोघेही सौम्य. एरवी शरीर त्यांना दाद देत नाही. पण धातूवर बसायला मिळालं की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात आणि आत जवळजवळ झोपून राहतात. विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ जसं वरून खरवडलं तरी पुढच्या पावसात परत धरतं, तशी या थराची गत. अँटिबायोटिक वरचे, मोकळे फिरणारे जंतू मारतं, रुग्णाला बरं वाटतं, थर मात्र जागेवर असतो. म्हणून गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुळी परत येते, आणि मग ‘ताकदीची’ गोळी मागितली जाते.

उशिराच्या संसर्गाला दुसरीही एक वाट आहे आणि ती आपल्या भागात जास्त ध्यानात ठेवावी लागते. शरीरात दुसरीकडे कुठे पू झाला तर तिथले जंतू रक्तातून धातूपर्यंत पोहोचतात. भातलावणीच्या दिवसांत पाय सतत चिखलात असतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्या चिघळतात. केसतूड, मधुमेहींच्या पायाची जखम, किडलेल्या दाढेच्या मुळाशी धरलेला पू, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, या सगळ्यांतून ही वाट निघू शकते. रक्तातून येणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सौम्य नसतो. अशा वेळी थंडी वाजून ताप येतो आणि पाठ एका-दोन दिवसांत असह्य दुखू लागते. पाठीत रॉड असलेल्याने लावणीला जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. पोट त्यावर असतं. पण शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधला भाग कोरडा करणं, आणि चिखल्या ओल्या होऊन दुखायला लागल्या तर आठवडाभर वाट न पाहता दाखवणं, एवढं जमतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं याहून महत्त्वाचं.

आता लक्षणांकडे. लोक तापाची वाट पाहतात. कातडीवरच्या सौम्य जंतूंच्या संसर्गात ताप बऱ्याचदा येतच नाही. पहिली खूण बहुतेक वेळा दुखणं हीच असते: ऑपरेशननंतर थांबलेलं, महिनोन्‌महिने नसलेलं दुखणं पुन्हा सुरू होतं, हळूहळू वाढतं, रात्री आडवं पडल्यावरही राहतं. मग व्रणाजवळ फुगवटा, हात लावला तर ऊब, आणि शेवटी छोटं तोंड पडून त्यातून पाणी. हे तोंड मधूनमधून बंद होतं. बंद झालं की घरात सुटकेचा श्वास टाकतात, पण आतला पू तिथेच असतो. नासूर कधी व्रणावर फुटतो, कधी बोटभर बाजूला, त्यामुळे ‘हे ऑपरेशनच्या जागेचं नाही, साधं गळू आहे’ असा समज होतो. पाठीत धातू असलेल्या माणसाच्या पाठीवरचं कुठलंही गळू मणक्याच्या सर्जनने पाहिल्याशिवाय साधं मानू नये. ते गावात चिरा देऊन फोडून घेणं तर नकोच. आणि काही जणांना यातलं काहीच होत नाही. एक्स-रेत स्क्रूभोवती काळसर कडा दिसते, म्हणजे स्क्रू ढिला झालेला असतो, आणि त्यामागे कधी हाडावरचा ताण असतो तर कधी हा मुका संसर्ग.

गोळी आधी का घेऊ नये

मणक्याजवळच्या जंतूला औषध द्यायचं तर आधी त्याचं नाव कळायला हवं, आणि ते कळतं आतून काढलेल्या तुकड्यांच्या कल्चरवरून. चार दिवस अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये जंतू बऱ्याचदा वाढत नाही. रिपोर्टवर ‘वाढ नाही’ येतं, पण संसर्ग असतो. मग सर्जनला अंदाजाने औषध द्यावं लागतं, तेही तीन-तीन महिने. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर तज्ज्ञ उलट चालू अँटिबायोटिक साधारण दोन आठवडे थांबवून मगच नमुने घेतात. अर्थात थांबवायचं का, हे त्यांनी ठरवायचं. तापाने फणफणलेल्या, रक्तदाब खाली जाणाऱ्या माणसाची औषधं थांबवत नाहीत.

आपल्याकडे यात टीबीची भर पडते. मणक्याचा टीबी महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. काहींचं पहिलं ऑपरेशनच टीबीने पोखरलेल्या मणक्यासाठी झालेलं असतं. त्यामुळे पाठीतून पू आला की दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे नमुना न घेता सरळ टीबीच्या गोळ्या सुरू करणं. दुसरी, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा लिनेझोलिडसारखी गोळी ‘साधं अँटिबायोटिक’ म्हणून देणं. या दोन्ही औषधांचा टीबीच्या जंतूवरही परिणाम होतो. त्यामुळे टीबी असला तरी तो तपासणीत दबून जातो, आणि अर्धवट मार खाऊन औषधाला न जुमानणारा होण्याची भीती असते. साधा संसर्ग आणि टीबी यांशिवाय तिसरीही एक शक्यता आहे, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. टीबीच्याच कुळातले पण टीबी न करणारे काही जंतू माती-पाण्यात राहतात. ते ऑपरेशनच्या जखमेत शिरले तर आठवड्यांनी, महिन्यांनी गाठी आणि नासूर तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते टीबीसारखेच दिसतात. टीबीची नेहमीची औषधं त्यांच्यावर पुरेशी पडत नाहीत. चार महिने टीबीच्या गोळ्या घेऊनही पाणी थांबत नसेल, तर ‘अजून चार महिने घ्या’ हे उत्तर मान्य करण्याआधी, कल्चरमध्ये नेमका कोणता जंतू आला होता हे विचारा. कल्चर केलंच नसेल, तर ते करण्याची वेळ आली आहे.

नासुराच्या तोंडावर कापूस फिरवून घेतलेला स्वॅब बहुतेक वेळा फसवतो. त्यात कातडीवरचे, बाहेरून आलेले जंतू वाढतात. खरा जंतू स्क्रूला लागून असलेल्या मांसात आणि हाडात असतो. तिथून शस्त्रक्रियागृहात वेगवेगळ्या जागांचे चार-पाच तुकडे घेतात. दोन-तीन तुकड्यांत एकच जंतू निघाला तर तो खरा धरायचा, एखाद्यातच निघाला तर तो वाटेत चिकटलेला असू शकतो.

इथे नातेवाइकांनी दोन गोष्टी नम्रपणे पण नक्की विचारायच्या. नमुन्याची बाटली तुमच्या हातात देऊन ‘लॅबला पोहोचवा’ असं अनेक ठिकाणी सांगतात, तेव्हा तर विचाराच. पहिली: कल्चरचा तुकडा कशात ठेवला आहे? फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. फॉर्मॅलिनची बाटली बायोप्सीसाठी असते, कल्चर आणि टीबीच्या सीबीनॅट तपासणीसाठीचा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये हवा. सगळा नमुना एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला, तर एवढं ऑपरेशन करून मुख्य प्रश्नाचं उत्तर हातचं जातं. दुसरी: कल्चर किती दिवस ठेवणार? नेहमीचं कल्चर काही दिवसांत बंद करतात. क्युटिबॅक्टेरियम हळू वाढतो, त्याला प्राणवायू नसलेलं वातावरण लागतं, म्हणून त्यासाठी 10 ते 14 दिवस थांबावं लागतं. टीबीचं कल्चर त्याहून लांब, आठवड्यांचं. फॉर्मवर ‘इम्प्लांट आहे, उशिराच्या संसर्गाची शंका’ एवढं लिहिलेलं असलं की लॅबवाले स्वतःहूनही काळजी घेतात.

रक्तात सीआरपी आणि ईएसआर हे सूज दाखवणारे आकडे पाहतात. वाढलेले असले तर संशयाला बळ मिळतं. नॉर्मल आले तर संसर्ग नाहीच असं ठरत नाही, सौम्य जंतूंच्या बाबतीत तर नाहीच. एमआरआयबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ‘पाठीत लोखंड आहे, मशीनमध्ये गेलो तर ओढलं जाईल’ असं म्हणून माणसं परत येतात. हल्लीचे मणक्याचे स्क्रू बहुतेक टायटॅनियमचे असतात आणि त्यांच्यासह एमआरआय करता येतो. धातूभोवतीचं चित्र धूसर येतं, ते कमी करण्याची सोय सांगून मागता येते. मशीनवरच्या तंत्रज्ञाला हवी असते ती धातूची नेमकी माहिती. ती ऑपरेशनच्या फाईलमध्ये चिकटवलेल्या इम्प्लांटच्या स्टिकरवर असते: कंपनी, धातू, लॉट क्रमांक. तो स्टिकर नसेल तर ऑपरेशन झालेल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे अर्ज करा.

कुठे जायचं, खर्चाचं काय

शक्य असेल तर ज्याने ऑपरेशन केलं त्याच सर्जनकडे. आत काय बसवलं, कुठे अडचण आली, हाड जोडायला कुठलं हाड वापरलं, हे त्याच्याकडे असतं. मनात रोष असला तरी जा. असा संसर्ग सगळी काळजी घेऊनही होऊ शकतो. ते दार बंद झालं असेल तर मणक्याचं काम नियमित चालतं अशा मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. पळसदरीहून कर्जतला येऊन लोकल पकडली की जे.जे. भायखळ्याला, केईएम परळला आणि लोकमान्य टिळक सायनला, तिन्ही मध्य रेल्वेच्याच मार्गावर आहेत. या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा फायदा असा की सर्जन आणि सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब एकाच आवारात असतात. गर्दी आणि रांगा अर्थातच आहेत. खोपोली शाखेवर गाड्या विरळ, तेव्हा ओपीडीच्या वेळेत पोहोचायचं तर पहाटेच निघावं लागतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची सुरुवात 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत झाली, त्यांत रायगड होता. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. रुग्णालय योजनेत आहे का आणि संसर्गासाठीचं दुसरं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारून घ्या. नंतर धावपळ करण्यात फार मनस्ताप होतो. 155388 हा योजनेचा निःशुल्क क्रमांक आहे. रेशनकार्ड, आधार आणि जुन्या ऑपरेशनची कागदं बरोबर हवीतच.

ऑपरेशनबद्दल रुग्णांचा पहिला प्रश्न असतो, ‘रॉड काढणार का?’ उत्तर हाड जुळलं आहे की नाही यावर ठरतं. स्क्रू आणि सळ्या कायमचा आधार म्हणून बसवलेल्या नसतात. त्यांच्या आधाराने मणके एकमेकांना हाडाने जोडले जाईपर्यंत त्यांचं काम, आणि त्याला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. सीटी स्कॅनवर हाड पक्कं जुळलेलं दिसलं, तर उशिराच्या संसर्गात धातू काढून टाकणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. जंतूंचं घरच जातं. हाड जुळलं नसेल तर धातू काढल्यावर मणका डळमळेल, म्हणून आतली घाण साफ करून धातू ठेवतात किंवा नवा बसवतात, आणि औषधं लांबवतात. बाक सरळ केलेल्या मुलामुलींमध्ये धातू काढल्यावर पाठ पुन्हा थोडी वाकू शकते. हे आई-वडिलांना आधी सांगितलेलं बरं, आणि कोणी सांगितलं नाही तर त्यांनी विचारावं.

औषधं सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत चालतात, काही वेळा जास्त. पूर्वी याचा अर्थ महिना-दीड महिना सलाईन लावून खाटेवर असा असायचा आणि हातावर पोट असलेली माणसं मधेच उठून घरी जायची. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांवरचा ‘ओव्हिव्हा’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या आठवड्यानंतर योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतून दिलेल्या औषधाइतक्याच उपयोगी पडतात, असं त्यात दिसलं. गावाकडच्या रुग्णासाठी हे मोलाचं आहे. तुमच्या जंतूला चालणारी गोळी उपलब्ध आहे का, असं डॉक्टरांना जरूर विचारा. अट एकच, ‘योग्य निवडलेली’, म्हणजे पुन्हा कल्चर.

या गोळ्यांवर नजर ठेवावी लागते. रिफाम्पिसिन धातूवरच्या थरात शिरतं म्हणून स्टॅफिलोकॉकससाठी देतात, पण एकटं कधीच देत नाहीत आणि टीबीची शंका मिटण्याआधी सुरू करत नाहीत. लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाच्या काही गोळ्या त्याच्यामुळे निष्प्रभ होतात, म्हणून घरी चालू असलेली सगळी औषधं दाखवा. लिनेझोलिड दोन आठवड्यांपलीकडे चाललं तर रक्तपेशी तपासत राहावं लागतं. पायाला मुंग्या किंवा नजर धूसर वाटली तर लगेच कळवायचं. ही रक्ततपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयात करून रिपोर्ट सर्जनला फोनवर पाठवता येतात. प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नाही. तसं आधी ठरवून घ्यावं.

घरगुती उपचारांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. पाठ दुखते म्हणून बिब्बा लावणं किंवा डाग देणं आपल्याकडे अजून चालतं. रॉड असलेल्या पाठीवर हे नकोच. भाजलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. नासुरावर हळदीचा, पाल्याचा लेप भरून तोंड बंद करू नका. स्वच्छ कोरडं गॉज ठेवून पट्टी लावली की पुरे. व्रण ओला असताना पळसदरीच्या धरणात पोहणं, पावसाळ्यात धबधब्याखाली पाठ धरणं टाळावं. व्रण पूर्ण भरलेला आणि कोरडा असेल तर हरकत नाही. मिश्री आणि तंबाखू सोडणं मात्र ऑपरेशनआधीपासूनच हवं, कारण निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा होतो आणि न जुळलेल्या हाडात संसर्ग झाला की सगळं दुप्पट अवघड. दाताच्या प्रत्येक कामाआधी अँटिबायोटिक घ्यायलाच हवं असं नाही. दात किडलेला ठेवू नये आणि दंतवैद्याला पाठीतल्या धातूबद्दल सांगावं.

काही लक्षणांत ओपीडीची वाट पाहायची नसते. पायातली ताकद जाऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, थंडी वाजून मोठा ताप आला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर 108 ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: मणक्याचं ऑपरेशन झालंय, पाठीत स्क्रू आहेत, आता पाय चालत नाहीत (किंवा जे लक्षण असेल ते). असा रुग्ण मणक्याचं ऑपरेशन होऊ शकतं अशा ठिकाणीच न्यावा लागतो. जवळच्या रुग्णालयात तात्पुरती व्यवस्था झाली तरी पुढे हलवण्याचं त्याच वेळी बोलून घ्या.

औषधं संपल्यावरचं वर्ष निसटण्याचं असतं. पाठ दुखत नाही, पाणी थांबलेलं असतं, आणि दिवाळीनंतर कातकरी वाड्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. संसर्ग उलटायचा तो याच काळात उलटतो. निघण्याआधी डॉक्टरांकडून पुढच्या तपासणीची तारीख भट्टीच्या हंगामाप्रमाणे मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचा रिपोर्ट आणि इम्प्लांटचा स्टिकर यांचे मोबाईलवर फोटो काढा आणि तेच फोटो गावातल्या आशाताईंच्या फोनवरही पाठवून ठेवा. मूळ कागदं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्या. झोपडीच्या आढ्यात खोचून ठेवलेली फाईल पहिल्या पावसात जाते.